ड्रेस्डेनहून बर्लिनच्या भारतीय दूतावासात: बाळाचे कागद, मुखत्यारपत्र आणि 15 ऑगस्टचं झेंडावंदन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघं ड्रेस्डेनला राहता, मुलगी चार महिन्यांची आहे. तिचा भारतीय पासपोर्ट काढायचाय, तुमचा स्वतःचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय आणि नाशिकचा फ्लॅट विकण्यासाठी आईच्या नावाने मुखत्यारपत्र पाठवायचंय. 15 ऑगस्टला बर्लिनच्या दूतावासात झेंडावंदनाला जायचं मनात आहेच, तर त्याच फेरीत तिन्ही कामं उरकतील का? आणि एवढ्या लहान बाळाला घेऊन त्या कार्यक्रमाला जावं का?

15 ऑगस्टचं उत्तर आधी देते: नाही उरकणार. त्या दिवशी दूतावास माणसांनी भरलेला असतो, पण पासपोर्ट-दाखल्यांची कामं करणाऱ्या कॉन्सुलर विभागाला सुट्टी असते. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तीन राष्ट्रीय सुट्ट्या भारतीय दूतावास कुठल्याही देशात असला तरी पाळतो. जर्मनीतली बाकीची ऑफिसं त्या दिवशी चालू असतात, म्हणून इथे राहणाऱ्यांची दरवर्षी गल्लत होते. झेंडावंदनाला जरूर जा, पण कागदांची फाइल घरी ठेवून जा.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: तुम्ही सहा वर्षांपासून जर्मनीत आहात आणि गेल्या वर्षी तुम्हाला कायमचा निवास परवाना मिळाला. मी बर्लिनमध्ये भारतीय कुटुंबांचे जन्मदाखले, विवाहदाखले, मुखत्यारपत्रं असे कागद तयार करून देण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. हे वाक्य वाचल्यावर माझ्यासाठी प्रश्नच बदलला. एका फेरीत किती कामं बसतील हे नंतर बघू. तुमची मुलगी आज कोणत्या देशाची नागरिक आहे, हे आधी ठरायला हवं, कारण माझ्या मते ती जन्मतःच जर्मन आहे.

जर्मन कायदा असा आहे. आईवडील दोघेही परदेशी असले, तरी बाळाच्या जन्माच्या दिवशी दोघांपैकी एकाचं जर्मनीत पाच वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य झालेलं असेल आणि त्याच्याकडे कायमच्या वास्तव्याचा हक्क असेल, तर बाळाला जन्मानेच जर्मन नागरिकत्व मिळतं. पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. 27 जून 2024 पासून ती पाच वर्षांवर आली. यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि ते नको असं कळवायचा रकानाही कुठल्या फॉर्ममध्ये नसतो. जन्मनोंदणी करताना श्टांडेसाम्ट (जन्म-विवाह-मृत्यूची नोंद ठेवणारं जर्मन कार्यालय) परदेशी नागरिक कार्यालयाकडे तुमच्या वास्तव्याची चौकशी करतं आणि अटी पूर्ण होत असतील तर तशी नोंद करतं. तेव्हा जन्मदाखल्याबरोबर आलेली पत्रं परत एकदा नीट वाचा. त्यात काही सापडलं नाही, तर श्टांडेसाम्टला दोन ओळींचा मेल टाकून लेखी विचारा. परवाना जन्माच्या तारखेला मिळालेला असणं महत्त्वाचं आहे. नंतरच्या तारखेचा असेल तर हे सगळं लागू होत नाही, आणि मग तुमचा रस्ता वेगळा. तोही पुढे सांगते.

ती जर्मन असेल, तर भारतीय पासपोर्ट काढण्यात अडचण कुठे येते? भारतीय कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेलं मूल वंशाने भारतीय होऊ शकतं. पण 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी त्या जन्माची नोंद भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात एक वर्षाच्या आत व्हावी लागते. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंदणी करताना आईवडिलांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही. तुम्ही तिचा जर्मन पासपोर्ट काढलेला नाही, त्यामुळे ही घोषणा आज खोटी ठरणार नाही. अल्पवयीन मुलाकडे दोन्ही नागरिकत्वं असू शकतात, ही शक्यता भारतीय कायद्याने धरलेली आहे. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व जातं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

कागदावर हे शक्य दिसतं, पण गाडी पुढे अडते. निवास परवाना फक्त परदेशी माणसाला मिळतो. तुमची मुलगी जर्मन असेल तर परदेशी नागरिक कार्यालय तिच्या भारतीय पासपोर्टवर परवाना देणारच नाही. दुसरीकडे, जर्मन नागरिकाने सीमा ओलांडताना जर्मन पासपोर्ट किंवा ओळखपत्र जवळ बाळगलं पाहिजे, असा इथला नियम आहे. म्हणजे फक्त भारतीय पासपोर्ट घेऊन तुम्ही तिला नाशिकला नेलंत, तर परत येताना विमान कंपनीच्या काउंटरवर पहिला प्रश्न येईल की हिचा जर्मनीचा व्हिसा कुठे आहे. त्या वेळी जन्मदाखला दाखवून वाद घालत बसावं लागेल. या जागी अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. जेट लॅगमध्ये, रडणारं बाळ कडेवर घेऊन हे करायची वेळ कोणावरही येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. तिचा जर्मन पासपोर्ट काढा आणि त्यावर ओसीआय कार्ड घ्या, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड. आईवडिलांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल, तरी अल्पवयीन मुलाला ओसीआय मिळतं. जर्मनीतला मुलांचा वेगळा छोटा पासपोर्ट 1 जानेवारी 2024 पासून बंद झाला आहे. आता बाळालाही नेहमीचाच पासपोर्ट मिळतो, तो सहा वर्षांचा असतो आणि तुमच्या ड्रेस्डेनच्या नागरिक कार्यालयातच मिळतो. त्यासाठी बर्लिनला यायची गरज नाही. ओसीआय हाती येण्याआधी भारतात जायची वेळ आली, तर जर्मन पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, त्यामुळे आजीआजोबांची भेट अडून राहत नाही.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही, हे घरच्यांना आधीच नीट समजावून सांगा. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र शेतजमीन येऊ शकते. नाशिककडच्या घरांमध्ये सातबाऱ्याचा विषय निघतोच, म्हणून हे लिहिलं. भारतात कितीही वेळा, कितीही दिवस राहता येतं, शिकता येतं आणि बहुतेक नोकऱ्या करता येतात. 2021 मध्ये नियम सोपे झाले. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि फोटो ऑनलाइन चढवायचा, त्याला फी नाही. विसाव्यानंतरचा पहिला पासपोर्ट आला की कार्ड एकदा नव्याने काढायचं. "आपली नात परदेशी झाली का?" हा प्रश्न आजीकडून येणारच, आणि तो साधा नाही. त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण तिला मराठी बोलता यावं आणि नाशिकला उन्हाळ्याच्या सुट्टीत राहता यावं ही जर इच्छा असेल, तर त्यातलं काहीही या कार्डाने अडत नाही.

ज्यांच्याकडे कायमचा परवाना नाही त्यांच्यासाठी दुसरा रस्ता असा. बाळ फक्त भारतीय असेल, तर दूतावासात जन्मनोंद आणि पासपोर्ट ही कामं लगेच हाती घ्या. एक वर्षाची मुदत भारतीय बाजूची आहे, पण जर्मन बाजूची मुदत त्याहून कमी आहे: इथे जन्मलेल्या बाळासाठी निवास परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, आणि त्याला पासपोर्ट लागतो. पासपोर्ट वेळेत हातात येणार नसेल तरी अर्ज मुदतीत टाका आणि पासपोर्टचा अर्ज केल्याची पावती जोडा.

आता नावाबद्दल, कारण आपल्या मराठी पद्धतीमुळे इथे जेवढा गोंधळ होतो तेवढा दुसऱ्या कशानेच होत नाही. समजा वडिलांचं नाव रोहन सुधीर कुलकर्णी. भारतीय पासपोर्टवर "रोहन सुधीर" एका ओळीत येतं आणि "कुलकर्णी" दुसऱ्या ओळीत. जर्मन कारकुनाच्या नजरेत त्या माणसाची दोन स्वतःची नावं आहेत. आईच्या पासपोर्टवर लग्नानंतरचं "प्राची रोहन कुलकर्णी" असेल आणि विवाहदाखल्यात "प्राची अशोक देशमुख". मुलीचं नाव देताना काही आईवडील सवयीने "अन्वी रोहन" लिहून देतात. मग श्टांडेसाम्टमध्ये मुलीला मुलाचं नाव कसं काय, अशी विचारणा होते, किंवा ते तसंच तिचं दुसरं नाव म्हणून कायमचं चिकटतं. जर्मन जन्मदाखल्यावर आलेलं नाव नंतर बदलून घेणं फार अवघड असतं.

तुमच्या मुलीचा दाखला आधीच निघालाय, तेव्हा त्यावर जे नाव आहे तेच आता प्रमाण. जर्मन पासपोर्टवर तेच येईल आणि ओसीआयच्या अर्जातही तेच, त्याच स्पेलिंगमध्ये, तेवढ्याच शब्दांत लिहा. वडिलांचं नाव मधे घालायचा मोह आवरा. त्या अर्जात आईवडिलांच्या नावांचे वेगळे रकाने आहेत. आईचं नाव दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर अर्जाआधी तिच्या पासपोर्टवरचं नाव सरळ करून घ्यायचं, की विवाहदाखला जोडून स्पष्टीकरण द्यायचं, हे फरक किती आहे त्यावर ठरतं. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर स्पष्टीकरण चालून जातं. आडनावच वेगळं असेल तर मी आधी पासपोर्ट करून घ्यायला सांगते.

ओसीआयचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तिथे फोटो व सही चढवताना बरेच जण थकतात. फोटो चौकोनी लागतो, 51 बाय 51 मिलिमीटर. जर्मन यंत्रातून निघणारा 35 बाय 45 चा फोटो चालत नाही, आणि तोच कापून चौकोनी केला तर कपाळ किंवा हनुवटी जाते. पांघरुणावर झोपवून, वरून, खिडकीच्या उजेडात घरीच काढलेला फोटो बहुतेक वेळा सर्वांत चांगला येतो. सहीच्या जागी बाळाच्या अंगठ्याचा ठसा द्यायचा. तो बाळ गाढ झोपेत असताना घ्या. शाईच्या पॅडवर अंगठा हलकेच टेकवा, आधी रद्दी कागदावर एकदा उमटवून जास्तीची शाई काढा आणि मग कोऱ्या पांढऱ्या कागदावर तीन-चार ठसे घ्या. त्यातला ज्याच्या रेषा दिसतात तो निवडा. स्कॅन करताना चित्राची रुंदी उंचीच्या तिप्पट ठेवायची असते, म्हणजे ठशाच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडायची. छापील अर्जावरचा ठसाही चौकटीच्या आतच हवा, रेघेला लागला की पान परत छापावं लागतं. ओल्या कपड्याने अंगठा लगेच पुसा, कारण पुढच्याच क्षणी तो तोंडात जाणार असतो.

तुमच्या स्वतःच्या पासपोर्टबद्दल फार लिहायची गरज नाही. मुदत संपायच्या आधी एक वर्ष अर्ज करता येतो, म्हणजे तुमची वेळ आलीच आहे. तो आधी का करावा याचं कारण मात्र लक्षात घ्या. तुमचं निवास कार्ड जुन्या पासपोर्टशी जोडलेलं आहे. नवा पासपोर्ट आला की परदेशी नागरिक कार्यालयात परत जावं लागतं, आणि तिथल्या अपॉइंटमेंटला किती वेळ लागतो हे ड्रेस्डेनमध्ये तुम्हीच जास्त चांगलं जाणता. शिवाय भारतातल्या पत्त्यावर पोलीस पडताळणी येऊ शकते. आईला सांगून ठेवा, नाहीतर दारात पोलीस बघून ती घाबरेल.

मुखत्यारपत्राकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि पैशाचं नुकसान त्यातच सर्वांत मोठं होऊ शकतं, म्हणून इथे थोडं थांबते. पहिला प्रश्न नेहमी येतो: ड्रेस्डेनच्याच जर्मन नोटरीकडे सही करून, त्यावर अपोस्टील (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का) घेऊन पाठवलं तर काय बिघडलं? बऱ्याच देशांतून हे चालतं. भारत 2005 मध्ये अपोस्टील करारात सामील झाला, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागूच नाही. अपोस्टील लावलेला आपला विवाहदाखला जर्मन कार्यालयात पुरत नाही, त्याचं मूळही हेच. उलट दिशेनेही तीच अडचण. भारताच्या नोंदणी कायद्याच्या कलम 33 मध्ये परदेशात राहणाऱ्याने कोणापुढे केलेलं मुखत्यारपत्र चालतं याची यादी आहे. त्यात नोटरीही आहे, पण भारतीय वाणिज्यदूत आणि उपवाणिज्यदूत यांचा उल्लेख स्पष्ट आहे. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर जर्मन भाषेतला शिक्का समजावून सांगण्यापेक्षा अशोकस्तंभाचा शिक्का असलेला कागद ठेवणं तुमच्या आईला कितीतरी सोपं जाईल. म्हणून हे काम दूतावासातच करा.

मसुदा नाशिकच्या वकिलाकडून मागवा, इंटरनेटवरून उतरवलेला वापरू नका. "माझ्या सर्व मालमत्तेबाबत सर्व अधिकार" असं सरसकट लिहिण्याऐवजी या एका फ्लॅटपुरतं, ठरावीक कामांचं मुखत्यारपत्र करा. फ्लॅटचं वर्णन इंडेक्स टू वर (नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या खरेदीदस्ताच्या उताऱ्यावर) जसं आहे तसंच उतरवा: गट किंवा सर्व्हे क्रमांक, इमारत, मजला, क्षेत्रफळ. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतील, म्हणजे दोघांनाही यावं लागेल. आईने काय काय करायचं ते एकेक लिहा: विक्रीकरार करणं, दस्त नोंदवणं, सोसायटीचा ना हरकत दाखला घेणं, ताबा देणं. पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हायचे तेही लिहा. घरातलाच माणूस आहे म्हणून हे सोडून देऊ नका. खरेदीदाराच्या बँकेचा वकील तो कागद वाचतो आणि तिथे कोणी नातं विचारत नाही.

घरी सही करून आणू नका. सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते. साक्षीदार लागतात का, लागले तर किती आणि त्यांच्याकडे कोणतं ओळखपत्र हवं, हे अपॉइंटमेंटआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा किंवा मेल करून विचारा, कारण या गोष्टी बदलत राहतात. कागद भारतात पोहोचला की घड्याळ सुरू होतं: तिथे तो प्रथम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यासाठी आईने नाशिकच्या मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं. कुरिअरचं पाकीट आणि पोहोचपावती जपून ठेवायला सांगा, कारण कागद कधी आला याचा पुरावा तोच असतो. फ्लॅट विकताना निबंधकाकडे आईला असंही लिहून द्यावं लागेल की हे मुखत्यारपत्र अजून लागू आहे, रद्द झालेलं नाही, आणि देणारा हयात आहे. त्या सुमारास फोनवर उपलब्ध राहा.

आतापर्यंतचा क्रम एकदा सांगून ठेवते. श्टांडेसाम्टकडून मुलीच्या नागरिकत्वाची खात्री. मग ड्रेस्डेनमध्येच तिचा जर्मन पासपोर्ट. तोपर्यंत नाशिकहून मुखत्यारपत्राचा मसुदा. मग तिचा ओसीआय, तुमचा पासपोर्ट आणि मुखत्यारपत्र यांसाठी बर्लिन. हे तिन्ही एका दिवशी बसेल का, हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे: त्या वेळी मोकळ्या असलेल्या अपॉइंटमेंट, आणि कोणतं काम थेट दूतावासात होतं आणि कोणतं बाहेरच्या सेवा केंद्रात. मुखत्यारपत्र अधिकाऱ्यासमोरच व्हायचं असल्यामुळे त्याची वेळ आधी पक्की करा आणि बाकीच्या वेळा तिच्याभोवती बसवा.

सॅक्सनी राज्य बर्लिनच्या दूतावासाच्या अखत्यारीत येतं. फ्रँकफर्ट, हँबुर्ग आणि म्युनिक इथे वेगळे वाणिज्य दूतावास आहेत, आणि प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असू शकते. म्युनिकच्या मित्राने दिलेली कागदांची यादी म्हणूनच तशीच्या तशी वापरू नका. यादी बर्लिनचीच घ्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा बघा.

प्रत्येक मूळ कागदाबरोबर दोन झेरॉक्स ठेवा. कामाप्रमाणे वेगळ्या पारदर्शक फोल्डरमध्ये लावा, म्हणजे खिडकीपाशी उभं राहून शोधाशोध होत नाही. जर्मनीतल्या पत्त्याच्या पुराव्यासाठी महानगरपालिकेचा नोंदणीदाखला नवा काढून आणा. फीच्या पावतीवर भारतीय समुदाय कल्याण निधीची लहानशी रक्कम दिसेल, तिच्याबद्दल लोक नेहमी विचारतात. तो निधी 2009 मध्ये सुरू झाला आणि परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांना मदत करण्यासाठी वापरला जातो. परदेशात मृत्यू झालेल्या माणसाचं पार्थिव घरी पोहोचवण्यापासून ते निराधार झालेल्या कामगाराच्या तिकिटापर्यंत. ते पैसे द्यायला मला कधीच वाईट वाटत नाही.

अर्ज खूप दिवस अडकला तर आधी अर्जाचा क्रमांक घालून साधा, मुद्देसूद मेल करा. तारखा लिहा, तक्रारीचा सूर टाळा. त्याने काम झालं नाही तर परराष्ट्र मंत्रालयाचं "मदद" नावाचं पोर्टल आहे, 2015 पासून चालू आहे, तिथे तक्रार नोंदवता येते आणि तिचा माग राहतो. दूतावास अधूनमधून ओपन हाऊस ठेवतात, तिथे अधिकाऱ्याला थेट भेटता येतं. गुंतागुंतीच्या प्रकरणाला हा सर्वांत चांगला मार्ग आहे असं माझं मत आहे, कारण समोरासमोर बसल्यावर कागदातली गाठ कुठे आहे ते दोन्ही बाजूंना एकदम कळतं. झेंडावंदनाला भेटलेल्या अधिकाऱ्यासमोर मात्र आपलं प्रकरण काढू नका. त्या दिवशी त्यांना शेकडो लोक भेटतात. त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि आपल्याला उगाच वाटतं की सांगून झालंय.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बाळाला घेऊन कार्यक्रमाला जावं का. जा. टिअरगार्टन या मोठ्या बागेच्या कडेची ती लाल दगडांची इमारत लांबूनच ओळखू येते. तो दगड राजस्थानातून आणलेला आहे. सकाळी झेंडा फडकतो, राष्ट्रगीत होतं, राष्ट्रपतींचा संदेश वाचून दाखवला जातो, मग देशभक्तीची गाणी, लहान मुलांचे नाच आणि खाणंपिणं. आधी नावनोंदणी मागितलेली असेल तर ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच नोंदवा, बाळाचंही. दारात तपासणी होते, त्यामुळे मोठी बॅग टाळा आणि बाळाचं सामान एका लहान पिशवीत ठेवा. ऑगस्टमध्ये उघड्यावर ऊन लागू शकतं, तेव्हा सावलीची जागा मिळेल इतक्या लवकर पोहोचा. त्या गर्दीत मराठी बोलणं कानावर आलं की तिकडे वळा. ड्रेस्डेन-लायपझिगकडची मराठी कुटुंबंही त्या दिवशी येतात, आणि लहान बाळाच्या आईला त्या ओळखी पुढे वर्षभर पुरतात.

पण तुम्ही मला एकच कार्यक्रम निवडायला सांगितलात, तर मी 15 ऑगस्ट निवडणार नाही. त्याच दूतावासात टागोर सेंटर आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद जगभर जी केंद्रं चालवते, त्यांतलं हे बर्लिनचं. परिषदेची स्थापना 1950 ची, मौलाना आझादांनी केलेली. टागोरांचं नाव बर्लिनमध्ये शोभतंही. 14 जुलै 1930 ला बर्लिनजवळच्या कापुटमध्ये, आइनस्टाइनच्या घरी, त्या दोघांची सत्य आणि वास्तव यांवर चर्चा झाली होती. या केंद्रात गायन-वादनाच्या मैफली, नृत्य, व्याख्यानं, चित्रप्रदर्शनं, योगाचे आणि भाषेचे वर्ग होतात. बरेचसे कार्यक्रम विनामूल्य असतात, फक्त नाव आधी नोंदवावं लागतं. सभागृह आटोपशीर आहे, माणसं मनापासून ऐकायला आलेली असतात आणि अर्ध्याहून जास्त श्रोते कधी कधी जर्मन असतात. झेंडावंदनाच्या गर्दीत आपण फक्त आपल्या माणसांना भेटतो. सारंगीच्या मैफलीनंतर शेजारी बसलेल्या जर्मन आजी रागाचं नाव विचारतात, तेव्हा आपल्या देशाबद्दल बोलायची एक वेगळीच संधी मिळते. या अशा संध्याकाळींसाठी मी कामं बाजूला ठेवते.

10 जानेवारीला तिथे विश्व हिंदी दिवस साजरा होतो. ती तारीख आपल्याकडचीच आहे: 1975 मध्ये त्याच दिवशी नागपुरात पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं होतं. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन मात्र आपण मागितल्याशिवाय होत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हे मागणं अधिक नेटाने करायला हवं असं मला वाटतं. मराठी मंडळाने तीन-चार महिने आधी लेखी प्रस्ताव द्यावा, त्यात कार्यक्रमाची रूपरेषा, कलाकारांची नावं, जर्मन किंवा इंग्रजी निवेदनाची सोय आणि श्रोत्यांचा अंदाज असावा. नुसता "हॉल मिळेल का" असा मेल मागे पडतो. तुमच्याकडे ड्रेस्डेनमध्ये कोणी चांगलं वाचणारं, गाणारं असेल तर मला कळवा. येत्या फेब्रुवारीसाठी प्रस्ताव लिहायला मी मदत करेन.

श्टांडेसाम्टचं उत्तर आलं की तेही कळवा. ते माझ्या अंदाजापेक्षा वेगळं निघालं, तर जर्मन बाजूच्या सहा महिन्यांपैकी चार संपलेले आहेत, तेव्हा मेल आजच टाका.